जयराम मास्तरांची राहिलेली सही

मालवणहून मिठबावकडे जाताना वाटेत जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावात राष्ट्रपती राहत होते. घर कौलारू, तीन खणांचं, पुढे तुळस, मागे सहा माड आणि कायम रुसलेली एक म्हैस. माणसाचं खरं नाव जयराम मास्तर. हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि एकतीस वर्षं वार्षिक परीक्षेत एक प्रश्न न चुकता विचारला: संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाबाबत राष्ट्रपतींचे अधिकार लिहा. प्रश्न दरवर्षी तोच, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. तरी निम्मा वर्ग चुकायचा. मग मास्तर खडू फळ्यावर आपटत आणि प्रमाण मराठीत गरजत, "राष्ट्रपतींनी सही करावी, किंवा एकदा परत पाठवावं. संसदेने तेच पुन्हा मंजूर केलं, की सही करावीच लागते. करावीच! खाली दोन रेघा ओढा."

या दोन रेघांमुळे त्यांचं नाव राष्ट्रपती पडलं. गावातले सुतार, होडीवाले, दुकानदार, मुंबईला नोकरीला गेलेले, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. मास्तर समोरून आले की बाजारात कुणीतरी हळूच म्हणे, राष्ट्रपती इले रे. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत. मनातून त्यांना ते आवडायचं, नाही असं नाही.

घरातला कारभार मात्र आनंदीवहिनींचा. त्यांनी एकदा भावजयीला सांगितलं होतं, "तेंका शाळेत काय व्हया ता बोलांदे. घरात मी ठरवतंय आनि ते मान डोलवतत." मास्तर आत बसून ऐकत होते आणि त्यांनी मानच डोलवली.

गावात एक वाचनालय होतं. एकच खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल आणि विजेचं एकच बटण. एकसष्ट साली ते निघालं तेव्हा मास्तर तरुण होते, अंगात भलता उत्साह होता. वाचनालयाचे नियम लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी भारताची घटना शेजारी उघडून ठेवली आणि तीन दिवस बसून निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत नियम उतरवले. दोन कपाटांच्या वाचनालयाला इतके नियम लागतात का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले की लोकशाही कपाटं मोजत नाही. त्यातला अकरावा नियम त्यांना पोटच्या पोरासारखा होता. कार्यकारिणीचा ठराव अध्यक्षांच्या सहीनंतरच अमलात येईल. अध्यक्षांना तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल. तोच ठराव पुन्हा मंजूर झाला तर अध्यक्षांना सही करावी लागेल. वही कपाटात गेली आणि पुढे पंचवीस वर्षं कुणी उघडून बघितली नाही.

जुने अध्यक्ष वारले तेव्हा मास्तरांना अध्यक्ष केलं. कारण साधं होतं. चिटणीस गुरुदासने सभेत सांगितलंच, "मास्तर बरे. भांडणत नाय, सही सुवाच्य." गुरुदास म्हणजे तिठ्यावरचा किराणा दुकानदार, मास्तरांचाच विद्यार्थी, त्या प्रश्नात दोनदा नापास झालेला. माणूस मात्र हसतमुख. गावात कशालाही पुढे.

वाचनालयात दुपारी दोन ते चार ही वेळ बायकांची होती. हे कुठल्या ठरावाने झालं नव्हतं. पुरुष जेवून पडलेले असत, तेव्हा चार जणी येऊन बसू लागल्या, पुढे दहा झाल्या, मग शिपाई धोंडूने दारावर पाटीच लिहून लावली. कुणी मासिकं चाळी, कुणी व्रतांच्या गोष्टी वाची, कुणी नुसतीच पंख्याखाली बसून दोन तास कुणाचीही सून नसल्याचं सुख घेई.

त्यांत मथुरा होती. वय सव्वीस, नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले दहा महिने पाण्यात. आठवीतून तिचं लग्न झालं होतं. आता तिला बाहेरून दहावीला बसायचं होतं, पुढच्या मार्चात. बालवाडीच्या बाईंची जागा गावात निघणार होती आणि त्याला दहावी लागत होती. घरात माणसं अकरा. तिने पुस्तक उघडलं, की घरातल्या कुणाला तरी पाणी लागायचं, कुणाचं तरी बटण तुटायचं. म्हणून ती अभ्यास करायची तो या दोन तासांत, एवढाच. मास्तर आदल्या जूनमध्ये निवृत्त झाले होते आणि घरात वहिनींच्या पायांत येत होते. ते तीनच्या सुमाराला वाचनालयाच्या पडवीत येऊन बसत आणि तिला अडलेलं सांगत. इतक्या मन लावून शिकणारं माणूस त्यांना एकतीस वर्षांत भेटलं नव्हतं. ते ती दुपार सांभाळून ठेवत, अगदी म्हशीला पाणी दाखवायचं विसरून.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत गावात टेलिव्हिजन आला.

मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने तो वाचनालयाला भेट दिला होता. ट्रक फोंडाघाट उतरून आला तेव्हा गुरुदास मागे गोधड्यांत खोक्याला मिठी मारून बसला होता. गावात दुसरा टेलिव्हिजन नव्हता. पोफळीच्या उंच खांबावर अँटेना चढवली, तिचं तोंड गोव्याकडे केलं, आणि पहिल्या दिवशी सगळ्या गावाने दोन तास पडद्यावरच्या मुंग्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी मुंग्यांतून एक माणूस बोलताना दिसला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारीत पाकिस्तानचा संघ क्रिकेट खेळणार होता. सामने दिवसा, आणि रंगात यायचे ते जेवणानंतर.

इथून पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. पण त्याआधी दिल्लीत काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण मास्तर तिथेच स्वतःच्या पायात पाय घालून बसले.

आदल्या डिसेंबरात संसदेने टपालाबद्दलचं एक विधेयक मंजूर केलं होतं. लोकांची पत्रं मध्येच उघडून बघायचा अधिकार सरकारला मिळावा, असं काहीसं त्यात होतं. ते राष्ट्रपतींकडे गेलं आणि तिथेच राहिलं. सही नाही, परत पाठवणं नाही. वर्तमानपत्रं त्यावर लिहू लागली. गुरुदासच्या दुकानापुढच्या बाकावर ती बातमी मोठ्याने वाचली गेली, तेव्हा होडीवाला बाबली म्हणाला, "आमची पत्रां पोस्टमनच आयेक वाचून दाखयता. सरकारान आनि काय येगळां बघूचां?"

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. ते उभे राहिले आणि बाकालाच वर्ग समजून बोलू लागले. "विधेयक चांगलं की वाईट हा प्रश्न वेगळा. मलाही ते आवडलेलं नाही. पण राष्ट्रपतींपुढे वाटा दोन. सही करा किंवा परत पाठवा. कागद टेबलावर ठेवून बसणं ही तिसरी वाट घटनाकारांच्या मनात नव्हती!" बाकावर आठ माणसं होती. आठही जणांनी ते लक्षात ठेवलं.

पंधरा दिवसांनी कार्यकारिणीची बैठक झाली आणि ठराव आला: दुपारची महिला वेळ आजपासून कायमची बंद करावी व खोली टेलिव्हिजनसाठी खुली ठेवावी. सात विरुद्ध शून्य. अध्यक्षांना मत नव्हतं, तो नियमही मास्तरांनीच लिहिलेला. गुरुदासने कागद पुढे केला. "मास्तरांनू, दोन मिन्टांचां काम. बायका सकाळच्या येतीत, नायतर सांजच्या."

"सकाळी त्या चुलीशी असतात आणि संध्याकाळी तुम्ही असता," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी नियम अकरा काढला.

कपाटातून निळी वही आली. धूळ झटकली गेली. अध्यक्षांना ठराव एकदा परत पाठवता येतो हे वाचून कार्यकारिणी चकित झाली. मास्तर घरी गेले, दोन दिवस बसले आणि ठरावासोबत जोडायचा संदेश लिहिला. पानं तीन, अक्षर मोत्यासारखं. त्यात स्त्रीशिक्षणाचा इतिहास होता, दुपारच्या उजेडाचं महत्त्व होतं, शेवटी नम्र विनंती होती. वहिनींना वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरो आसा. पण ह्यो वाचतलो कोण?"

कुणी वाचला नाही. कार्यकारिणीने ठराव चार मिनिटांत पुन्हा मंजूर केला, त्यातलं एक मिनिट पेन शोधण्यात गेलं. संदेशाच्या दुसऱ्या पानावर चहाच्या कपाचं गोल उमटलं होतं. गुरुदास दुसऱ्यांदा आलेला कागद घेऊन दारात उभा राहिला आणि त्याचा चेहरा असा फुलला, जणू तो एकतीस वर्षांचा हिशेब एकाच वेळी चुकता करत होता. "मास्तरांनू, दुसऱ्यांदा इलो. आता करावीच लागता. खाली दोन रेघो."

मास्तरांनी हात पुढे केला. कागद घेऊन ते म्हणाले, "ठेवून जा. चष्मा सापडत नाहीये." चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

कागद त्यांनी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ठेवला आणि पुस्तक फडताळात. दुसऱ्या दिवशी त्यांचं मनगट धरलं. वहिनींनी त्यावर लेप लावला, वर पंचा गुंडाळला आणि काही विचारलं नाही, हे फार झालं. तिसऱ्या दिवशी पंचा चुकून डाव्या हाताला बांधला गेला. चौथ्या दिवसापासून मास्तर बाजाराची वाट सोडून पुळणीवरून फिरू लागले, कारण तिठ्यावर गुरुदासचं दुकान होतं. दुकानातून हाक आली, तरी समुद्राच्या आवाजात ऐकू येत नाही असं म्हणायची सोय होती.

कार्यकारिणीने सहीविनाच खोली ताब्यात घ्यावी, तर आड आला धोंडू. धोंडू वाचनालयाचा शिपाई, किल्ली कमरेला, निष्ठा गोल शिक्क्यावर. त्याला तोंडी सांगितलेलं काही कळतच नसे. गुरुदास, बाबली आणि आणखी दोघे दुकानातून टेलिव्हिजन उचलून दुपारी दाराशी आले, तेव्हा तो आडवा उभा राहिला. "सही खंय आसा? शिक्को खंय आसा?"

"अरे, ठराव दोनदा पास झालो!"

"माका ठराव वाचूक सांगूक नाय. माका सही बघूक सांगला हा." आणि तो स्टुलावर बसला. आत बायका वाचत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

सामने सुरू झाले. टेलिव्हिजन गुरुदासच्या गोदामात खोबऱ्याच्या पोत्यांवर ठेवून लोक बघत. तिथे मुंग्या जास्त येत, वर उंदीर. गुरुदासच्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही. आणि बाकावर जो तो मास्तरांचं ते भाषण मास्तरांच्याच आवाजात करून दाखवू लागला. कागद टेबलावर ठेवून बसणं ही तिसरी वाट! आठांपैकी बाबलीची नक्कल सगळ्यांत चांगली वठायची.

शेवटी गुरुदासने देवाला कौल लावायचं ठरवलं. गावात दोन भाऊ वेगळे व्हायचे असोत की विहीर खणायची असो, रवळनाथाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही रीत. ठरावाच्या सहीसाठी कौल लावायची ही पहिलीच खेप. सोमवारी सकाळी शिवा गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मास्तरांनी आजच सही करावी, डावी पडली तर करू नये. गाऱ्हाणं घातलं, लोकांनी होय म्हाराजा म्हटलं, आणि सगळे पाकळ्यांकडे बघत बसले.

अर्धा तास गेला. पाकळ्या हलल्या नाहीत. पाऊण तासाने उजवी किंचित सरकली, लोक पुढे वाकले, आणि ती जागच्या जागी वाळून बसली. शिवा गुरवाने घाम पुसला. "देव अजून वाचता," तो म्हणाला.

"कितको वेळ लागतलो?" गुरुदासने विचारलं.

"ता तूच विचार तेका."

देवाला घाई कोण करणार? लोक पांगले. मास्तर मात्र खांबाला टेकून बराच वेळ बसून राहिले. देवाबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटू लागली होती. पण त्या आपुलकीच्या खाली काहीतरी टोचत होतं. देवाने कुणाला दोन रेघा ओढायला लावलं नव्हतं. आपण लावलं होतं.

त्याच आठवड्यात नको तो धडा आला. मथुरा इतिहास संपवून नागरिकशास्त्राकडे वळली होती. मास्तरांनी दोन दिवस स्थानिक स्वराज्य संस्था लांबवल्या, तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच पान उलटलं आणि पडवीत बसून मोठ्याने वाचू लागली. वाचताना तिचं बोट ओळीखालून चाले. "'...विधेयक पुन्हा मंजूर झाल्यास राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते.'" बोट थांबलं. तिने वर बघितलं. "गुरुजी, मगे तुमी अजून सही कित्याक करूक नाय?"

मास्तर पडवीबाहेर बघत म्हणाले, "कधी करावी याची मुदत घटनेत लिहिलेली नाही. आपल्या नियमातही नाही."

"ह्यां उत्तर मी पेपरात लिवलंय, तर मार्क मेळतले?"

मास्तरांनी पान उलटायला हात पुढे केला.

"तुमी दिल्यात असतास?"

"शून्य दिलं असतं," मास्तर म्हणाले. खोटं त्यांना नीट बोलता येत नसे, हे चष्म्याच्या दिवशीच दिसलं होतं. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग ते भरभर बोलू लागले. "मी आज सही केली, तर उद्या धोंडू हे दार बंद करील. तुझा अभ्यास संपला. मार्च अजून वर्षभर लांब आहे. मी काय करू? सही करण्याशिवाय मला अधिकारच नाही. सही न करणं एवढंच माझ्या हातात आहे."

मथुरेला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. ती विचार करत होती. तिचा सगळा जीव या दोन तासांत अडकला होता, आणि ते दोन तास एका म्हाताऱ्या माणसाच्या फडताळात लपवलेल्या कागदावर टांगलेले आहेत, हे तिला आज कळलं होतं. तिला ते आवडलं नाही, आणि तिने ते लपवलंही नाही. "ती निळी वही माका बघूक मेळतली?" तिने विचारलं.

पंचवीस वर्षांत वही मागणारं हे मास्तरांखेरीज पहिलं माणूस. धोंडूने ती आणून दिली. मथुरा पहिल्या नियमापासून बसली. मास्तर शेजारी अवघडून, परीक्षेला बसल्यासारखे. चौथ्या नियमावर बोट थांबलं. "'सभासद: गावातील एकवीस वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती.' कोणतीही म्हणजे आमीय?"

"होय."

"आमी इतक्या वर्सां हय येतंव. आमच्यातली एकय सभासद नाय. सगळ्यो घोवाच्या नावार पुस्तकां न्हेतत."

"कुणी अर्ज केला नाही," मास्तर म्हणाले.

"आमका कोणी सांगूक नाय, गुरुजी."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते लागलं. प्रौढ मताधिकार हा धडा त्यांनी एकतीस वेळा शिकवला होता. त्यावर भाषणं दिली होती, एकदा मालवणात बक्षीसही घेतलं होतं. आणि अर्जांचा गठ्ठा इथे, या कपाटात, या पडवीपासून सात पावलांवर पडून होता. तो उचलून दोन ते चारच्या मध्ये टेबलावर ठेवावा, एवढं त्यांना सुचलं नव्हतं. मास्तरांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

मथुरा पुढे गेली. पंधराव्या नियमावर ती पुन्हा थांबली. कार्यकारिणीचा कोणताही ठराव आमसभेला बहुमताने बदलता येईल. आमसभा दरवर्षी गुढीपाडव्याला. तिने बोटांवर आठवडे मोजले. "गुरुजी, पाडव्यापर्यंत थांबा. पण पाडव्याक सगळ्यांसमोर सही करा. असे लपान ऱ्हवू नकात."

दुसऱ्या दिवशी दारावर सूचना लागली. अध्यक्ष प्रलंबित ठरावावर पाडव्याच्या आमसभेत सही करतील. खाली सही, गोल शिक्का. धोंडूने ती दोनदा वाचली आणि खूश झाला. गुरुदासही खूश झाला, त्याने मास्तरांच्या घरी गूळ पाठवला. मास्तर पुन्हा बाजाराच्या वाटेने जाऊ लागले. पंचा गेला. दुपारी मात्र टेबलावर अर्ज भरले जात होते. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे मथुरा लिहीत होती, आणि धोंडू एकेका अर्जावर शिक्का मारताना जीभ बाहेर काढून एकाग्र होत होता. याबद्दल कार्यकारिणीने त्याला काही विचारलं नाही आणि न विचारलेलं सांगायची त्याला सवय नव्हती.

पाडव्याला दुपारी चारला आमसभा. दरवर्षी अकरा माणसं यायची, तेवढ्याच खुर्च्या मांडल्या होत्या. गुरुदास इस्त्रीचा सदरा घालून आला आणि दारातच थबकला. खोलीत बायका होत्या. टेबलापाशी, कपाटांपाशी, खिडकीत, पडवीत. नव्या लुगड्यांचा नि साड्यांचा वास भरून राहिला होता. पुढच्या खुर्चीवर त्याची स्वतःची बायको, तिच्या शेजारी आनंदीवहिनी.

"तुमी सगळ्यो हय खंय?" तो म्हणाला.

"सभेक," त्याची बायको म्हणाली.

मास्तरांनी आधी कागद काढला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात राहून त्याची घडी पक्की झाली होती. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला आणि बोलले. "हा ठराव दुसऱ्यांदा आला तेव्हाच मी सही करायला हवी होती. मी केली नाही. बाकावर दुसऱ्यांना जे सांगितलं ते मीच पाळलं नाही. चूक माझी." त्यांनी सही केली. बाबलीने टाळी वाजवली, ती एकटीच वाजली.

मग मथुरा उभी राहिली. तिने पंधरावा नियम वाचला आणि ठराव मांडला: दुपारी दोन ते चार महिला वेळ पूर्वीप्रमाणे चालू राहावी, टेलिव्हिजन चारनंतर लावावा. हात वर झाले. धोंडूने मोजले, मग खात्रीसाठी पुन्हा मोजले. बाजूने छत्तीस, विरुद्ध नऊ. गुरुदासने आधी बायकोच्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं, मग कपाळावर हात मारला आणि हसत सुटला. "चायपानानंतरचो खेळ तरी मेळतलो," तो म्हणाला. हरल्यावर हसणारा माणूस, म्हणून तर गावाने त्याला चिटणीस केला होता.

मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. सभा संपली असं समजून ते उठू लागले, तर मथुरा अजून उभीच होती. हातातला कागद तिने उलटला. "आनि एक आसा, गुरुजी," ती म्हणाली आणि वाचू लागली. "नियम अकरामध्ये पुढील बदल करावा. ठराव हाती आल्यापासून पंधरा दिवसांत अध्यक्षांनी सही करावी किंवा तो परत पाठवावा. दुसऱ्यांदा आल्यास पंधरा दिवसांत सही करावी. तसे न केल्यास सही झाली असे समजावे."

मास्तर खाली बसले. मुलीच्या वयाच्या बाईने भर सभेत कान धरावा, तसं त्यांना झालं. ज्या फटीत शिरून त्यांनी तिचे दोन महिने वाचवले होते, तीच फट ती त्यांच्या डोळ्यांदेखत बुजवत होती. "मथुरे," ते हळू म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा घटनेबद्दल मालवणीत बोलले, "गो, मी ता तुमच्यासाठीच केलंय मां?"

"व्हय गुरुजी. तुमी बरे आसास म्हणान आमची दुपार ऱ्हवली." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "पण पुढचो अध्यक्ष कसो येतलो, ता आमका खंय ठावक? तो असोच बऱ्या ठरावार बसान ऱ्हवलो तर?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. दिल्लीतलं ते विधेयक अजून तसंच पडून होतं, मोठमोठे लोक त्यावर लेख लिहीत होते, आणि इथे आठवीतून उठवलेली ही पोर एका वाक्यात मुद्द्यावर येऊन उभी राहिली होती. एकतीस वर्षं ज्या उत्तराची ते वाट बघत होते, ते त्यांच्या पुस्तकात नव्हतंच. त्यांचा ऊर इतका भरून आला, की हात मोजायला त्यांनी धोंडूला खुणेनेच सांगितलं. मोजायची गरज नव्हती. सगळे वर होते, बाबलीचाही, वहिनींचाही, मोजणाऱ्या धोंडूचाही.

कागद अध्यक्षांपुढे आला.

"मास्तरांनू," गुरुदास मागून म्हणाला, "पंधरा दिस आसत हां तुमका. चष्मो शोधा सावकाश."

खोली हसली. मास्तरांनी चष्मा पुसला, पेनचं टोपण काढलं आणि सही केली. सुवाच्य. खाली तारीख घातली. मग थोडं थांबून, कुणी मागितली नव्हती तरी, तारखेखाली वेळही लिहिली, चार वाजून बावन्न मिनिटं, आणि वेळेच्या खाली दोन रेघा ओढल्या.